लिओनाच्या पानावरचे एकोणीस ठिपके

मी एक जुनी लाल पेन्सिल आहे, आणि मित्रांनो, खरं सांगते, तुमच्यासमोर मान वर करून बोलायची मला लाज वाटते. आता जेमतेम बोटभर उरलेय. झिजून संपायच्या आत एकदा सगळं सांगून टाकते, म्हणजे जीव तरी हलका होईल.

एका कारखान्यात माझ्या लाकडी अंगात लाल मेणाचं शिसं भरलं आणि अकरा बहिणींबरोबर मला खोक्यात घातलं. तिथून मी कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा शाळेत आले. ॲल्मा कॉर्कम बाई तिथे मोठ्या मुलांना लेखन शिकवत. बाई इथल्याच, मासेमारांच्या घरातल्या. शिस्तीला कडक, मनाने चांगल्या.

वह्या तपासायची त्यांची एक ठरलेली रीत होती. पहिल्या फेरीत फक्त विरामचिन्हं, दुसऱ्या फेरीत वाचन. पहिल्या फेरीत बाई वाचत नसत, नुसतं बघत. चहाचं पाणी उकळेपर्यंत आठ वह्या उरकायच्या, असा त्यांचा झपाटा! मुलं म्हणायची, "बाईंच्या त्या लाल भवानीच्या तावडीतून काही सुटत नाही." ते ऐकून मी अशी फुगायचे म्हणून सांगू! मला वाटायचं, मी आहे म्हणून या पोरांच्या लिखाणाला काही वळण आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी इथे शेवंडांचा, म्हणजे लॉबस्टरचा, हंगाम उघडतो. त्या दिवशी पहाटे सगळ्या बोटी शेवंडं पकडायच्या पिंजऱ्यांची उतरंड रचून एकदम निघतात आणि अख्खं गाव धक्क्यावर उभं राहतं. शेवटच्या बोटीचा दिवा दीपगृहापलीकडे दिसेनासा होईपर्यंत कुणी बोलत नाही, कुणी पाठ फिरवत नाही. बोटी निघण्याआधी शाळेतल्या एका मुलाचं लेखन तिथे वाचलं जातं. त्या वर्षी बाईंनी विषय दिला, 'धक्क्यावरची पहाट'.

वर्गात लिओना हिर्टल नावाची मुलगी होती. आदल्या वर्षी याच दिवशी तिचे बाबा बोटीसकट बुडाले होते. त्या बोटीला त्यांनी लेकीचंच नाव दिलं होतं. लिओनाला यंदा आपलं पान धक्क्यावर वाचायचं होतं, बाबांसाठी. दुसरं काही नको होतं तिला. एका बैठकीत, कच्चं न लिहिता, तिने ते निळ्या शाईत लिहून काढलं.

ती वही बाईंपुढे आली तेव्हा किटली गुणगुणायला लागली होती. आणि काय सांगू, पानभर मजकूर आणि त्यात पूर्णविराम नाही! नुसते स्वल्पविराम, एकामागून एक. अगदी तळाला तेवढा एक ठिपका. मला तर हर्षच झाला. इथे टिच, तिथे टिच, असे एकोणीस पूर्णविराम मी ठोकले. खाली बाईंनी माझ्याकडून लिहून घेतलं, 'जरा मध्ये श्वास घ्यायला शीक!' किटलीने शिट्टी दिली आणि बाईंनी पुढची वही ओढली. वही कुणाची, हे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. प्रगतिपुस्तकांच्या गडबडीत दुसरी फेरी तशीच राहिली.

वर्गात वह्या परत दिल्या तेव्हा शेजारचा डेल वाकून बघत म्हणाला, "अगं, तुझ्या पानाला गोवर आलाय की काय?" सगळे खो खो हसले.

"हसू नका रे," बाई म्हणाल्या. "लिओना, वाच मोठ्याने. ठिपका आला की थांबायचं."

लिओनाने वाचलं. प्रत्येक ठिपक्याला थांबली. बोटी निघाल्या, थांबल्या. दिवे हलले, थांबले. सामानाची यादी वाचावी तसं ते ऐकू येत होतं. शेवटी, त्याच आवाजात, तिने खालची ओळही वाचली, "जरा मध्ये श्वास घ्यायला शीक."

बुडालेल्या माणसाच्या मुलीला आम्ही हे लिहिलं होतं! बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"लिओना, तू मध्ये कुठेच का नव्हती थांबलीस गं?"

"धक्क्यावर आपण कुठे थांबतो, बाई? दिवा दिसतो तोवर बघतच राहतो ना? म्हणून मी एकच ठिपका ठेवला होता. बाबांचा दिवा गेला तिथे."

बाई जन्मभर त्याच धक्क्यावर उभ्या राहिल्या होत्या. त्यांना हे कुणी सांगायची गरज पडायला नको होती. त्यांनी खोडरबर घेऊन घासलं, पण माझा मेणाचा रंग नुसता पसरला.

"चुकलं माझं, पोरी. पुन्हा लिहून देशील?"

"नाही जमणार, बाई. लिहिताना रडून झालंय माझं. आता परत नाही रडायचं मला."

डेल पुटपुटला, "मी उगाच बोललो गं." मला तर कुठे तोंड लपवू असं झालं.

धक्क्यावर वाचायला बाईंनी लिओनाचंच पान निवडलं. हंगाम उघडला त्या पहाटे मी बाईंच्या कोटाच्या खिशात होते. लिओनाने तेच पान उघडलं.

"माझ्या ठिपक्यांकडे बघू नकोस," बाई हळूच म्हणाल्या.

"नाही बघत," ती म्हणाली.

ती एका दमात वाचत गेली. आवाज चिरकला, श्वास पुरेना, तरी थांबली नाही. एकोणीस वेळा ती माझ्या ठिपक्यावरून निघून गेली आणि एकोणीस वेळा मी अंग चोरलं. मग तिचा स्वतःचा निळा ठिपका आला. तिथे ती थांबली. धक्क्यावर कुणी हललं नाही. बऱ्याच वेळाने कुणीतरी पहिलं इंजिन सुरू केलं.

बाई आता आधी अख्खी वही मोठ्याने वाचतात, मग मला उचलतात. कित्येकदा उचलतही नाहीत, आणि मला ते बरं वाटतं. मित्रांनो, कुणी मनापासून लिहिलेलं तुमच्या हाती आलं, तर आधी शेवटपर्यंत वाचा. लिहिणारा कुठे थांबला आणि कुठे थांबला नाही, ते नीट ऐका. मग काय ते दुरुस्त करा.

लिओनाच्या आईने ते पान चौकट करून स्वयंपाकघरात लावलंय. त्यावर माझे एकोणीस ठिपके आहेत, आणि खाली ती ओळही. मी लवकरच संपेन. ते तिथेच राहतील.