पाच तासांपूर्वीची खबर

समुद्रावरून निरोप घरी पोचायला पाच तास लागतात, हा आईचा सिद्धांत होता आणि तो अख्ख्या गल्लीला पाठ झाला होता. "लागणारच की," ती ठणकावून सांगायची, "एवढं पाणी तुडवत यायचं म्हणजे काय गंमत आहे? आपल्या टपालवाल्याला कोरड्या रस्त्यावरून चार घरं ओलांडायला आठवडा लागतो!"

पुरावाही होता. शिलाई मशीनच्या शेजारी, रिळांच्या डब्याला टेकवून ठेवलेला एक जुना टॅब. त्यावर निळं पान आणि पानावर एकच ओळ: शेवटची खबर, पाच तासांपूर्वी. घरातलं शेंडेफळ, जिला सगळे भिंगरी म्हणायचे, मालवाहू जहाजावर इंजिनाचं काम बघायची. ते जहाज दर तासाला आपला ठावठिकाणा कळवायचं. तो वाचून पानावर मांडणारा प्रोग्रॅम भिंगरीच्या मोठ्या भावानं खास आईसाठी लिहिला होता. आकडा पाच असला की पोरगी सुखरूप, सहाला टेकला की ताजी खबर येतेच आहे, एवढं आईचं गणित. सातचं तोंड तिनं कधी बघितलं नव्हतं.

खबर पाणी तुडवत येत नव्हती. ती डोळ्याचं पातं लवायच्या आत येत होती. पाच तास खात होता तो आईचाच लेक. आई त्याला 'पंडित' म्हणायची, आणि ते कौतुकानं नव्हे.

झालं होतं असं. जहाजाच्या प्रत्येक निरोपात तारीख आणि वेळ असायची, आणि शेवटी शेपटासारखं एक अक्षर, झेड. पंडिताचा प्रोग्रॅम त्या अक्षरापाशी अडायचा. जेवणाचं ताट वाढलेलं होतं, आई हाका मारत होती, म्हणून यानं ते अक्षर सरळ छाटून टाकलं, उसवलेला दोरा कात्रीनं उडवावा तसं. गाडी सुरळीत चालली. पण ते शेपूट सांगत होतं, की बाबांनो, ही वेळ तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाची नव्हे, साऱ्या जगाच्या सामायिक घड्याळाची आहे. शेपूट गेल्यावर प्रोग्रॅमनं ती वेळ घरचीच धरली. घरचं घड्याळ त्या घड्याळाच्या साडेपाच तास पुढे, आणि तासावरची मिनिटं पान गाळायचं. मग आत्ता निघालेला निरोपही पाच तासांचा शिळा दिसणार नाही तर काय!

हे उघडं पडलं भिंगरीच्या पत्रानं. आईनं तिला सिद्धांत कळवला होता. तिचं उत्तर भावाला आलं: "दादा, तू मला पाच तास मागे का ठेवलंयस? शेवटचं अक्षर कचरा नाही रे. आणि आईला तूच सांग, मला तिच्या शिव्या खायच्या नाहीत."

पंडितानं त्याच सकाळी काम उरकलं. शेपूट परत जोडलं, सगळा हिशेब सामायिक घड्याळावर ठेवला, आणि घरची वेळ फक्त पानावर दाखवताना काढली. नऊच्या ठोक्याला ओळ उमटली: आत्ताच. दहाला आत्ताच. अकराला आत्ताच. आई एका गिऱ्हाइकाकडे पडदे लावायला गेली होती. आली की तिला दाखवू, जरा तोंडावर हात ठेवेल, असे मांडे मनात खात तो चहा पीत बसला.

बारा वाजले. आकडा एक तासावर गेला. साडेबारा, एक. नवीन खबर नाही.

त्याला वाटलं, आपलंच घोडं पेंड खातंय. प्रोग्रॅम वरून खाली वाचला, खालून वर वाचला. मग जहाजाकडून येणारा मूळ मजकूर उघडला. त्यातही अकरानंतर काही नव्हतं. जन्मात पहिल्यांदा त्यानं देवाला हात जोडले, की चूक माझीच निघू दे. निघाली नाही. फोनवर बातमी होती, त्या समुद्रात वादळ उठलंय. जहाजाच्या कंपनीत फोन लावला. "आम्हीही वाट बघतोय," पलीकडची बाई म्हणाली, "काही कळलं की कळवतो." त्यानं फोन ठेवला आणि पुन्हा टॅब बघितला.

खोलीतून ओटीवर, ओटीवरून खोलीत. खुर्चीत बसला की खुर्ची चावायला लागली. खिडकी उघडली, वारा नको वाटला, लावली, जीव घुसमटला, पुन्हा उघडली.

चारला आई आली. पायातल्या चपला भिरकावल्या, पडद्यांच्या गिऱ्हाइकाचा उद्धार केला, "घर राजवाड्याएवढं आणि मन सुईच्या नेढ्याएवढं," आणि टॅबकडे बघितलं.

शेवटची खबर, पाच तासांपूर्वी.

"पाच," ती समाधानानं म्हणाली. "माझी बाय ठीक आहे." आणि मशीनवर बसून गादीच्या खोळीला शिलाई घालू लागली. वर गुणगुणायलाही लागली.

पंडित दारातच उभा राहिला. आज पहिल्यांदा तो पाच खरा पाच होता. आणि आजच ती निवांत होती.

"काय रे, पिंजऱ्यातल्या वाघासारखा काय फिरतोयस? नोकरीवरून हाकललं का?"

"नाही."

"मग कुणी पोरगी नाही म्हणाली? म्हणू दे. शहाणी असेल."

"आई, चहा करू?"

"तू? चहा?" तिनं चष्म्यावरून बघितलं. "नक्कीच काहीतरी फोडलंयस."

तो आत गेला, आधण ठेवलं, विसरला, पाणी आटलं. पाच वाजता भिंगरीच्या होणाऱ्या सासूचा फोन यायचा, रोजच्या रोज. विहीणबाईंना सून हवी होती, पण तिची समुद्रावरची नोकरी नको होती. आई रोज छाती पुढे काढून सांगायची, आत्ताच खबर बघितली, पोरगी मजेत आहे, आणि नोकरी सोडायचं नाव काढू नका. आज ती हेच सांगणार. आणि उद्या काही भलतंच कळलं तर? आपल्या तोंडानं आपण 'मजेत आहे' म्हणालो होतो, हे ती मरेपर्यंत विसरणार नाही. नुसत्या गप्प बसण्यानं तो तिच्या तोंडी खोटं घालत होता.

पाचला थोडा अवकाश असताना तो मशीनपाशी आला आणि उभ्या उभ्या सगळं ओकला. अक्षर, घड्याळ, सकाळची दुरुस्ती, अकराची शेवटची खबर, वादळ.

आईनं मशीनच्या चाकावर हात ठेवला. चाक थांबलं.

"म्हणजे इतके महिने तू मला ताजं अन्न शिळं म्हणून वाढत होतास."

"हो."

"आणि आज खरंच शिळं आहे."

"हो."

"आणि तासभर मी इथं गुणगुणत होते, तू बघत होतास." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे तो जास्तच आकसला. "शिकून एवढंच केलंस?"

फोन वाजला. तो उचलायला वळला, तोवर आईनं उचललाही.

"बोला विहीणबाई... नाही. खबर नाही. अकरापासून नाही... हो, वादळात आहे ते जहाज. घाबरलेय ना, दगड आहे का मी? तुम्हीही घाबरा, तुमची सून व्हायचीय ती. पण नोकरीबद्दल आज चकार शब्द काढलात, तर लग्नात हाराऐवजी मी टेप घेऊन येईन आणि तुमची जीभ मापून घेईन... बरं. देवापुढे दिवा लावा. ठेवते."

मग दोघं टॅबपुढे बसली. सहा तास. घड्याळात वर दहा मिनिटं. आई पान खालीवर सरकवत राहिली, जणू तळाशी कुठं पोरगी अडकली असेल.

आणि ओळ हलली. आत्ताच.

आई ताडकन उठली. "आत्ताच म्हणजे कुणाचं आत्ताच? तिचं की आपलं? नीट सांग हं, पंडिता!"

"दोघींचं, आई. एकाच वेळचं."

मागोमाग भिंगरीचा निरोप: अँटेना वाऱ्यानं मोडली होती, दुसरी बसवली, सगळे ठीक आहोत, पोटात ढवळतंय, आईला सांग मी जेवले. "जेवली म्हणे! खोटारडी," आई म्हणाली आणि गादीच्या खोळीलाच नाक पुसलं. विहीणबाईंना कळवलं. पलीकडून त्यांचं रडणं ऐकू आलं तेव्हा फोन कानापासून लांब धरला.

मग पुन्हा येऊन बसली. सात मिनिटांपूर्वी. नऊ मिनिटांपूर्वी.

"ए," ती एकदम म्हणाली, "ते पाच तास परत लाव."

"आई, ते खोटं होतं."

"माहीत आहे. पण पाच तास होऊनही मला झोप लागायची. आता बघ, नऊ मिनिटं झाली तर घर खायला उठलंय... नको. राहू दे. आता कळलंय, आता लावून काय उपयोग?"

तिनं सुई घेतली, दोरा ओला केला, उजेडाकडे धरला. नेढं काही सापडेना. दोरा पुन्हा ओला केला.

"बारा मिनिटं," ती स्वतःशीच म्हणाली. पंडितानं खुर्ची ओढून तिच्या शेजारी घेतली.