तापाचं निमित्त

सरोजिनीने आयुष्यात एकदाच खोटं आजारपण सांगितलं, आणि तेच तिला भोवलं. खोटं बोलायलाही सराव लागतो. तो तिला नव्हता. खरं झाकण्याचा मात्र बारा वर्षांचा होता.

नवरा बोटीवर असताना त्याला वाईट बातमी कळवायची नाही, हा सिंगापूरच्या मरीन परेड वस्तीतल्या बोटवाल्यांच्या बायकांचा अलिखित नियम. भर समुद्रात माणूस करणार काय? उगाच इंजिनरूममध्ये लक्ष उडायचं आणि हात अडकायचा. शेजारच्या नीताने तर सासरे गेल्याचं नवऱ्याला तो घरी आल्यावर, आधी चहा पाजून सांगितलं होतं. सरोजिनीचा प्रबोध सेकंड इंजिनिअर, वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर. तिची पत्रं त्याला बंदराबंदरात गाठायची आणि सगळ्यांत मजकूर एकच: मी मजेत आहे, काळजी नसावी. टायफॉइडमध्येसुद्धा बाई मजेतच होत्या.

१९९७ साली तिच्या डोक्यात चीन शिरला. दक्षिण चीनमध्ये यांगशुओ म्हणून गाव आहे. नदी, नदीकाठी उभे सुळके, आणि ते बघायला लोटणारे परदेशी पर्यटक. त्यांच्याशी बोलता यावं म्हणून तिथल्या खाणावळवाल्यांना, बांबूचे तराफे चालवणाऱ्यांना इंग्रजी शिकायचं होतं. त्यांच्यासाठी शिक्षक तयार करणारा सहा आठवड्यांचा वर्ग सिंगापुरात निघाला. पास होणाऱ्याला सप्टेंबरपासून वर्षभराची नोकरी. लग्नाआधी सरोजिनी ठाण्याला शाळेत इंग्रजीच शिकवायची. इथे मूलबाळ नाही, सकाळी दहाच्या आत फ्लॅट आवरून मोकळी. जन्मभर दुसऱ्याला निरोप देत आलो, एकदा आपणही बॅग भरावी, असं तिला अगदी आतून वाटत होतं.

प्रबोधला तिने कळवलं नाही. ही बातमी चांगली की वाईट हेच तिला ठरवता येईना, म्हणून तिने आपला नियम लावून टाकला.

वर्गात पद्धत अशी, की शिकवणाऱ्याने कमी बोलायचं आणि शिकणाऱ्याकडून वदवून घ्यायचं. शिकवणाऱ्या मिसेस टान मागच्या बाकावर वही घेऊन बसायच्या. "सरोजिनी, यू टॉक टू मच लाह," त्या म्हणाल्या. घरी दिवसचे दिवस जिचं ऐकायला कोणी नसे, तिला याचं हसू आलं. घरी जाऊन ती रडलीही.

परीक्षेचा पाठ शनिवारी दहाला होता. गुरुवारी शिपिंग एजंटचा फोन आला. प्रबोधची बोट शनिवारी सिंगापूरला तेल भरायला थांबणार होती. क्लिफर्ड पिअरच्या धक्क्यावरून नऊला लाँच, घरच्यांना दुपारपर्यंत बोटीवर राहता येईल. एरवी ती पहाटे उठून पुरणपोळ्या करून डबा भरायची. पण हा पाठ चुकला तर यांगशुओ गेलं, पुन्हा परीक्षा नव्हती.

"मला जरा ताप आहे," ती म्हणाली, "येता येणार नाही असं त्यांना कळवा."

पाठ झकास झाला. समोर चीनहून नुकते आलेले सहा कामगार होते. कोणी तराफेवाला झाला, कोणी गिऱ्हाईक, आणि इंग्रजीत अशी घासाघीस जुंपली की मिसेस टान वही मिटून हसायला लागल्या. सरोजिनी पास झाली. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून एकटीच हसत होती.

तिच्या ब्लॉकखाली, दगडी बाकावर प्रबोध बसला होता. नखांत ग्रीस तसंच, शेजारी पिशवीत हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवरून आणलेला पेजेचा डबा आणि गोळ्यांची पाकिटं. सव्वा वाजला होता.

"दार वाजवलं, कोणी उघडेना," तो म्हणाला. "मला वाटलं, आत पडली असशील. दोन क्लिनिकं पालथी घातली, हॉस्पिटलला फोन लावला." त्याचा आवाज फाटला. "बारा वर्षांत तू कधी डोकं दुखतंय म्हणूनही कळवलं नाहीस, सरू. तू ताप म्हणालीस म्हणजे... चीफ इंजिनिअरच्या हातापाया पडून उतरलो."

तिने सगळं सांगितलं. वर्ग, परीक्षा, सप्टेंबर. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"जा तू चीनला," तो म्हणाला. "हौसेने जा." मग त्याने विचारलं, "मी तुझी पत्रं खरी धरत होतो. आणखी काय कळवलं नाहीस?"

झाकली मूठ सव्वा लाखाची. 'काही नाही' म्हटलं असतं तर भागलं असतं. त्याने बोलावलेली टॅक्सी येऊन उभी होती, परतीची लाँच दोनला होती. पण तिला झाकण्याचा वीट आला होता.

"आपण इथे आलो त्या पहिल्या वर्षी. तुम्ही ब्राझीलच्या वाटेवर होतात. दिवस गेल्याचं तुम्ही निघाल्यावर कळलं, आलात की सांगू म्हणून थांबले. पाचव्या महिन्यात गेलं."

प्रबोधने दोन्ही हातांनी बाकाची कड धरली.

"तुझ्याजवळ कोण होतं?"

"कोणी नाही."

टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. प्रबोध उठला, पेजेचा डबा त्याने तिच्या हातात ठेवला. "गार झालीय, गरम करून घे," एवढंच म्हणाला आणि गेला.

वर जाऊन तिने पेज गरम केली आणि ओट्याशी उभ्यानेच खाल्ली. त्या वर्षी हॉस्पिटलातून एकटी घरी आली, तेव्हा कोणीतरी अशी पेज आणून द्यावी असं तिला फार वाटलं होतं.