माझ्या कपाळावरची विभूती

खण्ण्! भिजवलेल्या हरभऱ्यावरची ताटली सरकते आणि झुंजूमुंजूची सगळी शांतता मोडते. झरीच्या आमच्या घरात चहाच्या आधी रोज हाच आवाज होतो. मित्रांनो, ते हरभरे माझे. मी शेवंती, मल्लेश किराणावाल्याची घोडी. आता जरा पोक्त झाले आहे. पण ताटली वाजली, की अजून शिंगरासारखी थयथय नाचते.

या घरी मी आले तीच मुळी स्कूटीच्या जागी. मल्लेशचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते. बायकोला, म्हणजे शिवरंजनीला, परभणीला शिवणक्लासला जायला जुनी स्कूटी आणतो, असे सांगून तो निघाला आणि वाटेत घोड्यांच्या जत्रेत शिरला. संध्याकाळी दारात टेम्पो थांबला आणि त्यातून मी उतरले. हडकुळी, लांब पायांची, कपाळावर पांढरा टिळा.

"हे काय आणलंय ओ?" शिवरंजनी उंबऱ्यातच थबकली.

"लय गुणाची हाय. चाल तर बघ तिची!"

"अन् स्कूटी कुठंय?"

मल्लेशची आई मल्लम्मा मध्ये पडली. "असू दे पोरी. हिला पेट्रोल तर लागत न्हाई!"

"हरभरा लागतोय की, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी मल्लम्माने लिंगपूजा उरकली, तीन बोटे विभूतीत बुडवली आणि सगळ्यांच्या कपाळांवर ओढली. मग गोठ्यात येऊन माझ्याही कपाळावर ओढली. मोकळ्या कपाळाने या घरातले कोणी बाहेर पडत नाही. मी घरातली झाले ती त्या सकाळी.

पुढची वर्षे काय वर्णावीत! दरवर्षी जत्रेत घोड्यांच्या नाचाची स्पर्धा असे. हलगी कडाडली, की माझे पाय आपोआप उचलत. नंबर आला, की मल्लेशला फेटा मिळे, ढाल मिळे आणि तो माझ्यापेक्षाही उंच मान करून चाले. पण ती मान फार महाग पडे. टेम्पोचे भाडे, नवी झूल, हलगीवाल्यांचा चहा-नाश्ता, नालबंदाची मजुरी. वर जिंकल्याच्या आनंदात साऱ्या दोस्तांना जेवण. शिवरंजनीची स्कूटी दरवर्षी पुढच्या वर्षावर जाई.

"घोडीला बदामाचं तेल, अन् आमाला खोबरेल," ती म्हणे. "पुढल्या जन्मी मी बी शिंगरूच होते." पण हे बोलतानाही तिच्या हातातला खरारा माझ्या पाठीवरून मायेने फिरत असे. हरभरे मी तिच्याच तळहातावरून खात असे.

मग त्रिवेणी जन्मली. माझे शेपूट धरून ती उभी राहायला शिकली. यंदा तिला परभणीच्या शाळेत घालायचे ठरले आणि शिवरंजनीने गोठ्यातच विषय काढला.

"आहो, पोरीची शाळा अन् घोडीची जत्रा, दोन्ही एका दुकानावर चालतंय व्हय?"

मल्लेश माझी आयाळ विंचरू लागला. विंचरता विंचरता म्हणाला, "यंदा पहिला नंबर आला तर ठेवू. न्हाई तर भुजंग व्यापारी मागायलाय, त्याला देऊन टाकू."

त्या दिवशी, मित्रांनो, मी कडब्याला तोंड लावले नाही.

जत्रेला सगळे घर आले. रिंगणात पंच एकेका घोड्याला निरखत होते. लबाड लोक जनावराला रंग लावून खपवतात, म्हणून त्यांची नजर मोठी करडी. माझ्यापाशी आले, कपाळावरून बोट फिरवले. बोट पांढरेफटक! माझा नंबर यावा म्हणून मल्लम्माने त्या दिवशी विभूती मूठभर फासली होती.

"टिळा रंगवलाय. घोडी बाद!"

मल्लम्मा पदर खोचून थेट रिंगणात घुसली. "कोण म्हणतंय रंग? इभूत हाय ती, साहेब! हे बघा माझं कपाळ. हे पोराचं, हे सुनेचं, हे नातीचं. अन् हे हिचं. हाय का काई फरक?"

सारे मैदान हसले. पंचांनीही हात जोडले. म्हणाले, "आजी, पटलं. पर अंगाला कायबी लावलेलं चालत न्हाई. नियम हाय."

म्हणजे मी बाद ती बादच. मल्लम्मा मटकन खाली बसली. मल्लेश माझी झूल उतरवू लागला. तोवर भुजंग येऊन, माझी दोरी हाती धरून, जबडा उघडून दात पाहू लागला.

"खाती काय ही?"

"हरभरा," शिवरंजनी म्हणाली. "पर भिजवलेला. कोरडा दिला की पोट दुखतंय तिचं. बादलीत टाकू नका, हातावरच खाती. फटाके वाजायलेत म्हटलं की कानात कापूस घालायचा. अन् सकाळी जरा बोलावं लागतंय हिच्याशी."

"काय बोलायचं घोडीशी?"

"कायबी. सासूच्या चहाड्या सांगितल्या तरी चालतंय."

भुजंग हसला. खाली बसलेली मल्लम्माही हसली. शिवरंजनीचे हसू मात्र मध्येच थांबले. तिने त्याच्या हातातून माझी दोरी काढून घेतली.

"न्हाई भाऊ. तुमच्यानं व्हायचं न्हाई."

मल्लेशचा चेहरा असा फुलला! "मग पुढल्या साली..."

"पुढल्या साली टेम्पो बंद, हलगी बंद, दोस्तांची जेवणं बंद. हरभऱ्यानं घर बुडत न्हाई ओ, मिरवण्यानं बुडतंय. घोडी राहील. जत्रा न्हाई."

"अन् फेटा?"

"पोरीच्या लग्नात बांधा की!"

मित्रांनो, मुके जनावर हौसेने आणणारे पुष्कळ असतात. तुम्हीही आणा. पण ज्या दिवशी टाळ्या वाजत नाहीत, त्या दिवशीही त्याला भूक लागते, एवढे ध्यानात असू द्या. आमची ढाल कोनाड्यात धूळ खात असते. माझ्या पाठीवर मात्र कोणी धूळ बसू देत नाही.

परतताना टेम्पोत सगळे माझ्याभोवतीच दाटीवाटीने बसले होते. गार वाऱ्यात माझी आयाळ उडत होती. मल्लम्मा विभूतीची पुडी कमरेला खोचत स्वतःशीच हसत होती. त्रिवेणी आईच्या मांडीवरून माझ्याकडे टक लावून पाहत होती. एकाएकी तिने विचारले,

"आई, शेवंतीला नाचायला आवडत होतं का गं? का आपण हलगी वाजवायचो म्हणून नाचायची?"

शिवरंजनीने माझ्याकडे पाहिले.