ओल्या फळ्या

आमच्या घराची वाटणी झाली, तेव्हा मधली भिंत दोघा भावांनी मिळून उभी केली. हसू नका, खरं तेच सांगते. सुताराच्या घरात गवंडी कशाला बोलवायचा, म्हणून त्यांनी सागवानी फळ्याच लावल्या. माझा नवरा शालिकराम इकडून खिळा ठोकायचा आणि धाकटा श्रीधर पलीकडे निघालेलं त्याचं टोक वाकवून फळीत बसवायचा. बोलणं बंद होतं, पण हात बरोबर चालत होते. भिंत अशी चपखल झाली, की पलीकडे कांदा परतला तरी इकडे वास येऊ नये. ते दोघांचं शेवटचं एकत्र काम, आणि काम मात्र उत्तम झालं.

भांडण तसं कशावरूनच नव्हतं. आमचं घर गांधीबागेकडून नाग नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत. माझे सासरे देवाजी आणि दोन्ही मुलं कापडवाल्यांना कपाटं आणि गल्ले करून देत. मग कोराडीला वीजघराचं बांधकाम निघालं आणि श्रीधर तिकडे सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायचे लाकडी साचे ठोकायच्या कामाला लागला. रोज बसने जायचा आणि सिमेंटने माखून परत यायचा. एकदा जेवताना माझा नवरा म्हणाला, "सागवानाले हात लावणारा माणूस आता खोके ठोकून राहिला." श्रीधरने ताट सरकवलं. तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. महिनाभरात चुली वेगळ्या झाल्या. घर मोडायला पुरुषांना फार मोठं कारण लागत नाही, हे मी तेव्हा पाहिलं.

चुली दोन झाल्या तशी माणसंही वाटली गेली. नवऱ्याच्या मामांनी येऊन न्याय केला, आई थोरल्याकडे आणि बाप धाकट्याकडे, म्हणजे कुणा एकावर भार नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या सासूबाईंना, मनकर्णाबाईंना, कुणी काही विचारलं नाही. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या, त्या निवडतच राहिल्या. इतक्या वर्षांचा संसार, आणि एका दुपारी त्यांचा नवरा शेजारच्या घरात राहायला गेला.

वाटायचं राहिलं ते एक तळघर. पूर्वी लाकूड ठेवायला खणलेलं, ओल आणि मुंग्या यांचं घर. ते कुणालाच नको होतं. आमच्या स्वयंपाकघरामागून त्यात अरुंद पायऱ्या उतरत. शिवाय पुढच्या खोलीच्या मधोमध, जमिनीत, एक मोठं लाकडी झाकण होतं, ओंडके खाली सोडण्यासाठी. वाटणीची भिंत नेमकी त्या झाकणावरून गेली, त्यामुळे झाकणाचे दोन तुकडे झाले. आमच्याकडचा तुकडा आम्ही ठोकून बंद केला. श्रीधरच्या तुकड्याखाली शिडी होती.

उन्हाळ्यात सासूबाई दुपारच्या तळघरात जाऊन बसू लागल्या. "खाली थंड वाटते," म्हणाल्या. नागपूरच्या उन्हात यावर कोण काय बोलणार? पण पुढे पाऊस आला, थंडी आली, तरी त्यांचं जाणं थांबेना. म्हणून एक दिवस चहाचा कप घेऊन मी पायऱ्या उतरले. खाली कंदील लागला होता. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, शिडीने उतरून आले होते. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरं लाकडाचे बैल सजवून मिरवतात. श्रीधरच्या लेकीसाठी, शामलासाठी ते तसा बैल घडवत होते. चांगला थोराड, तिच्या खांद्याला लागेल एवढा, लोखंडी आसांच्या चाकांवर उभा. ते पटाशीने कानामागचं किंचित लाकूड काढत होते, आणि सासूबाई पाठीवरून काचपेपर फिरवत होत्या.

"आज तिकडं भाजी खारट झाली व्हती काय?" सासूबाईंनी विचारलं.

"नाई. प्रेमिलेचा हात बरा हाये," ते धाकट्या सुनेबद्दल म्हणाले.

मग पुन्हा काम. पटाशीचा आवाज, काचपेपरचा आवाज. मी कप पायरीवर ठेवला आणि तशीच वर आले. दुसऱ्या दिवसापासून मी खाली दोन कप ठेवू लागले. याबद्दल आम्हा सासूसुनांत एक शब्दही झाला नाही.

तो बैल काही पुरा होईना. एक पोळा गेला, दुसरा आला. नवरा म्हणायचा, बाबांचा हात थकला. मी म्हणायचे, असेल. हात कुठला थकतोय, ज्या माणसाला काम संपवायचंच नाही त्याचं काम संपेल कसं?

त्या वर्षी श्रावणाच्या शेवटी पाऊस बसला तो उठेचना. नाग नदी काठोकाठ वाहू लागली. गल्लीत पाणी शिरलं नाही, पण जमिनीखालून तळघरात चढू लागलं. सकाळी पाहिलं तर खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. सासूबाई वरच्या पायरीवर बसून त्या गढूळ पाण्याकडे बघत होत्या.

"आई, उठा. चहा घ्या."

"बैल पाण्यात हाये वं, कौसल्या."

"लाकडाचा हाये, बुडत नाही तो."

"ते मले काय सांगतं? जन्म गेला माह्या सुताराच्या घरात." मग हळूच म्हणाल्या, "आता मी बसू कुठी?"

कप त्यांच्या हातात दिला. मी म्हटलं, "समोरच्या दारानं जा ना मामाजींकडे. दोन पावलांवर तं हाये."

"गल्लीतले लोक पाहतीन. आपल्याच नवऱ्याले भेटाले पाहुणी म्हणून जाऊ काय मी?" एवढं बोलून त्या परत पाण्याकडे बघू लागल्या.

जेवणावरून त्यांचं मन उडालं. भाकरीचा तुकडा मोडायचा आणि ताटातच ठेवायचा. नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, "पाणी आपोआप उतरन. तळघरात ठेवलं तरी काय हाये आपण?"

"तुमची आई अन् तुमचे बाबा," मी म्हटलं.

त्याला काही कळलं नाही. माझा नवरा लाकडाची रेघ पाहून झाडाचं वय सांगतो, पण माणसाच्या बाबतीत त्याला सगळं उलगडून सांगावं लागतं.

पोळ्याच्या सकाळी मी पुढच्या खोलीत केर काढत होते, तेव्हा जमिनीखालून आवाज आला. ठक. थोड्या वेळाने पुन्हा ठक. बरोबर भिंतीखाली. रात्रीतून पाणी आणखी चढलं होतं, आणि बैल तरंगत येऊन झाकणाला शिंगं मारत होता. पलीकडे शामलाचा आवाज आला, "आजोबा, बैल दार वाजवून राहिला." मग एकाएकी ठकठक थांबली.

मी मागे पायऱ्यांकडे धावले. सासूबाई उभ्या होत्या. "हे उतरले पाण्यात," त्या म्हणाल्या.

सासरे शिडीवरून खाली उतरले होते. पाणी छातीला लागलेलं, आणि त्यांनी बैलाची मान दोन्ही हातांनी धरून त्याला झाकणापासून दूर ठेवलं होतं. आसांच्या वजनाने बैल सरळ उभा तरंगत होता. म्हाताऱ्याचे दात वाजत होते.

"अहो, निघा बाहेर. छातीत सर्दी भरन," सासूबाई म्हणाल्या. दोन वर्षांत त्यांचा इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

"शिंग मोडन मनकर्णा. तू वर जाय."

त्यांनी लुगडं वर खोचलं आणि त्या सरळ पाण्यात उतरल्या. मी हात धरला तो त्यांनी झटकला. तशी मी पुढच्या खोलीत आले, नवऱ्याला हाक मारली आणि भिंतीवर तळहात आपटला. "प्रेमिला, भाऊजींना पाठव. आई-मामाजी दोघंही पाण्यात हायेत." त्या भिंतीतून मी पहिल्यांदाच काही बोलले.

एक पायऱ्यांनी उतरला, दुसरा शिडीने. तळघरात भिंत नव्हती. दोघं भाऊ समोरासमोर, कमरेच्या वर पाण्यात, आणि मध्ये बैल. एकाने आईचा दंड धरला, दुसऱ्याने बापाचा. पण सासूबाईंनी बैलाचं शेपूट धरून ठेवलं होतं.

"हा वर आल्याबिगर मी येत नाई," त्या म्हणाल्या. सासऱ्यांनी नुसती मान हलवली, म्हणजे त्यांचंही तेच.

पायऱ्या अरुंद, तिथून बैल निघणं शक्य नव्हतं. अर्ध्या झाकणातूनही शिंगं मावेनात. माझा नवरा बराच वेळ वर बघत राहिला.

"मधल्या फळ्या काढा लागते," शेवटी तो म्हणाला. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

"टोकं माह्याकडे वाकवलेली हायेत," श्रीधर म्हणाला. "मी सरळ करतो. तू तिकडून ओढ, दादा."

वाटणी झाल्यापासून घरात हा 'दादा' ऐकू आला नव्हता.

त्या भिंतीची गंमतच अशी होती, की एका बाजूने कितीही जोर लावला तरी ती निघाली नसती. पलीकडच्याने टोक सरळ केलं तरच इकडच्याला खिळा उपटता येत होता. दोघं ओलेचिंब तसेच कामाला लागले. "झालं?" "झालं." "ओढू?" "ओढ." याशिवाय बोलणं नाही. पहिली फळी निघाली, तेव्हा पलीकडे प्रेमिला दिसली, हातात उलथनं, डोळे लाल. आम्ही जावा एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग दोघींना एकदम हसू आलं. तिच्याकडेही पोळ्यासाठी पुरणच शिजत होतं.

फळ्या भिजल्या, कारण बैल घसरत वर घ्यायला त्याच खाली पाण्यात तिरप्या सोडाव्या लागल्या. झाकणाचे दोन्ही तुकडे उचलले, खालची आडवी सागवानी पट्टी काढली, आणि दोर लावून दोघांनी बैल वर घेतला. पाठोपाठ म्हातारा-म्हातारी वर आली. झाकण परत लावलं, आणि ज्या ठिकाणी भिंत होती तिथेच दोघं एका सतरंजीवर टेकली. सासऱ्यांच्या अंगावर आमची चादर आणि सासूबाईंच्या अंगावर प्रेमिलेचं घोंगडं. मी आलं घालून चहा दिला. सासूबाईंनी त्या दिवशी पोटभर पुरणपोळी खाल्ली. दोन्ही घरांतली एक एक.

दुसऱ्या दिवशी शामलाने बैल मिरवला. एक कान अजून अर्धाच होता, पण झूल घातल्यावर कुणाच्या लक्षात आलं नाही. पाऊसही उघडला होता. आम्ही सगळ्यांनी बादल्यांनी तळघर उपसलं, बादली इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. प्रेमिलेने अर्धं पाणी माझ्या पायावर सांडलं आणि वर मलाच हळू चालायला सांगितलं.

संध्याकाळी माझ्या नवऱ्याने एक फळी उचलली आणि हातोडी घेतली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. काम अर्धवट पडलेलं त्याला बघवत नाही, एवढंच. सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. श्रीधर जाग्यावरचा उठला आणि खिळे वेचायला लागला.

सासरे सतरंजीवरून हात लांब करून म्हणाले, "आण इकडे ती." फळीवर तळहात फिरवला, कडेला अंगठा दाबून पाहिला. "ओली हाये गा. ओली फळी ठोकली तं वाळल्यावर फट पडते. वाळू दे पहिले."

यात खोटं काहीच नव्हतं. कोणताही सुतार हेच म्हणेल. नवऱ्याने फळ्या बाजूच्या भिंतीला टेकवून ठेवल्या.

दसरा आला. सासऱ्यांनी फळीवर हात ठेवला आणि म्हणाले, अजून ओल हाये. दिवाळीला म्हणाले, वरून वाळली, आत ओली हाये. थंडीत म्हणाले, थंडीत लाकडाची ओल सुटत नाही. चुली दोनच राहिल्या, श्रीधर कोराडीला जातच राहिला, आणि दोघा भावांचं बोलणं म्हणजे अजूनही हो आणि नाही एवढंच. पण सासूबाई आता तळघरात जात नव्हत्या. त्यांची दुपार त्या मोकळ्या जागेत जायची, शेजारी सासरे, आणि मध्ये बैलाचा तो अर्धा कान. तो कान अजून चालूच होता.

मग उन्हाळा आला, आणि एका रविवारी दुपारी गांधीबागेतले कापडवाले चंपतराव रॅक सांगायला घरी आले. बाहेर असं ऊन, की गल्लीत कुत्रंही फिरकत नव्हतं. त्यांची नजर फळ्यांवर गेली.

"अरे शालिकराम, ह्या काहून उभ्या करून ठेवल्या? मस्त वाळल्या हायेत. ह्याच लाव ना माह्या रॅकले."

नवरा उठला. बोट दुमडून फळीवर वाजवलं. कोरड्या सागवानाचा तो खणखणीत आवाज मला आत चुलीपाशी ऐकू आला. मग त्याने मान वळवून त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. सासऱ्यांचा काचपेपर थांबला होता, आणि सासूबाई कपाकडे बघत होत्या.

"नाई, चंपतराव," तो म्हणाला. "ओल्या हायेत अजून."

"पार भिजल्या होत्या ना पुरात," पलीकडून श्रीधर म्हणाला. "टाइम लागते."

चंपतराव कपाळाचा घाम पुसत एकदा फळ्यांकडे, एकदा बाहेरच्या उन्हाकडे बघत राहिले. मी सगळ्यांसाठी चहा टाकला. डोळे भरून आले होते, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मला माझ्या नवऱ्याचा इतका अभिमान वाटला.