खटक्याखालचा पाट

माझ्या घरात एक सागवानी पाट आहे. त्यावर मी कुणाला जेवायला बसू देत नाही. नवीन शेजारीण आली की हमखास विचारते, "कुंदाबाई, एवढा चांगला पाट भिंतीला का टेकवून ठेवलाय?" मी म्हणते, उलटा करून बघा. पाटाच्या बुडाला जाड रबर ठोकलेलं आहे. बाई बघते, हसते आणि विषय बदलते. मला ते बरंच पडतं. देश स्वतंत्र होऊन दोन महिने झाले. उद्या खंडेनवमी. या दिवशी दरवर्षी माझं तोंड कडू असतं, पण यंदा म्हटलं, एकदाचं लिहून टाकावं.

चौतीस साली मी पुण्याहून नर्सिंग शिकून जळगावला आले. डॉक्टर गिरासे यांच्या दवाखान्यात मला नोकरी लागली. डॉक्टर शिंदखेड्याकडचे, उंच, मिशाळ आणि भलतेच तापट. औषधाच्या बाटलीवर डोसाची कागदी पट्टी तिरकी चिकटली तरी ओरडायचे. पण रोग्याशी बोलायला बसले की अहिराणीत असे रंगायचे, की रोगी दुखणं विसरून भावकीच्या गोष्टी सांगत बसायचा. मी बाहेर उभी राहून घड्याळाकडे बघत चरफडायची. आज ते घड्याळ डोळ्यांपुढे आलं तरी गलबलून येतं.

त्या दवाखान्याला कार्बोलिकचा आणि केळीच्या पानांचा वास होता. कार्बोलिक डॉक्टरांचं, पानं झुंबरबाईची.

झुंबरबाई मूळची चोपड्याकडची. दवाखान्यासमोर हीरालालशेठची जिनिंग फॅक्टरी होती. तिथे ती कापूस निवडायला होती आणि तिचा एकुलता एक मुलगा लोटन इंजिनघरात होता. एके दिवशी जिनातल्या वना नावाच्या कामगाराचे दोन्ही हात वाफेने भाजले. त्याला दवाखान्यात आणलं, त्याच्या मागोमाग झुंबरबाईही आत शिरली, काखेत पानांची गुंडाळी. केळीच्या पोंग्यातलं, अजून न उलगडलेलं कोवळं पान. म्हणाली, "भाऊ, कापडं लावू नका. हाई पान लावा."

डॉक्टर तिला घालवून देतील असं मला वाटलं. पण त्या गृहस्थाला संशोधनाची खाज. त्यांनी वनाच्या डाव्या हाताला व्हॅसलीनची पट्टी बांधली आणि उजव्या हाताला पान, उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरून. चौथ्या दिवशी मी डाव्या हाताची पट्टी सोडायला घेतली, तर ती कातडीला चिकटलेली. वना एवढा ओरडला, की रस्त्यावरचा टांगा थांबला. उजव्या हाताचं पान मात्र नुसतं उचललं आणि निघालं. खाली गुलाबी, ओलसर, स्वच्छ कातडी.

डॉक्टरांनी तो हात उजेडाकडे नेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "अक्का, हाई तुमले कोनी शिकाडं?"

"मनी सासूनी," झुंबरबाई म्हणाली. "तिले तिनी सासूनी."

त्या दिवसापासून डॉक्टरांनी पानांची वही सुरू केली. कोण भाजलं, कशाने, पान किती दिवस, जखम कशी. झुंबरबाई दर आठवड्याला पानं आणायची, ओसरीवर बसून चहा प्यायची आणि वहीत काय लिहिलं ते वाचून घ्यायची. चूक असेल तर तिथल्या तिथे सांगायची. डॉक्टर मुकाट्याने खोडून पुन्हा लिहायचे. माझ्यावर ओरडणारा हा माणूस तिच्यापुढे शाळकरी व्हायचा. याचा मला थोडा रागही यायचा, खोटं का सांगू?

दुसरी वही विजेची. जिनात डायनॅमो बसला आणि महिन्याभरात कुणाकुणाला झटके बसू लागले. डॉक्टरांनी एकेकाला बोलावून विचारलं. पाय ओले होते का, चपला होत्या का, उभा कशावर होता? मातीवर अनवाणी उभ्या असलेल्यांना जबर झटका बसला होता आणि लाकडावर उभ्या असलेल्यांना चुटपुटता. लगेच त्यांनी सुताराकडून हा पाट करून घेतला, खाली रबर ठोकलं आणि इंजिनघरातल्या विजेच्या खटक्याखाली ठेवला. हीरालालशेठना बजावलं, की पाटावर उभं राहिल्याशिवाय खटक्याला कुणी हात लावायचा नाही. लोटनने ते एवढं मनावर घेतलं, की पाटावर चढताना तो चपला काढून ठेवायचा. पाटावर चपला घालून चढवेना त्याला.

तिसरी वही श्वासाची. विजेच्या झटक्याने किंवा पाण्यात बुडून श्वास थांबलेल्या माणसाला पालथं घालायचं, तोंड एका बाजूला वळवायचं, बरगड्यांच्या खालच्या बाजूला दोन्ही हातांनी दाबायचं आणि सोडायचं. दाबायचं आणि सोडायचं, श्वासाच्या लयीत. विलायतेहून येणाऱ्या मासिकात त्यांनी ते वाचलं होतं. दुपारी रोगी नसले की गादीवरचा लोड जमिनीवर ठेवून ते माझ्याकडून तालीम करून घ्यायचे, हातात खिशातलं घड्याळ. "कुंदाबाई, पोळ्यांची कणीक मळताय की माणूस जगवताय? जोर लावा!" मी घामाघूम व्हायची. ओसरीवरून झुंबरबाई बघायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. लोडाला जगवणारी बाई तिने पहिल्यांदाच पाहिली असेल.

किती सुखाचे दिवस होते ते! तेव्हा मात्र मला वाटायचं, हा माणूस माझा जीव घेणार.

सदतीस सालची खंडेनवमी. जिनाचा हंगाम त्याच दिवशी सुरू व्हायचा. आदल्या दिवसापासून यंत्रं धुऊन पुसून ठेवलेली, चाकांना गेरू, पट्ट्यांना हळदकुंकू. सकाळी डॉक्टर एका अडलेल्या बाळंतिणीसाठी बोदवडला गेले. पूजा झाली की लोटन खटका ओढणार, दिवे लागणार आणि शेठ पेढे वाटणार, असा दरवर्षीचा रिवाज. मी दवाखान्याच्या दारात उभी राहून सनई ऐकत होते.

पुढे काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. इंजिनघराची जमीन नुकतीच धुतलेली होती. पूजेचा कलश ठेवायला पाट हवा होता, आणि सगळ्या जिनात त्याच्याइतका स्वच्छ पाट दुसरा नव्हता. कुणीतरी तो खटक्याखालून उचलला, धुतला, त्यावर तांदूळ पसरले आणि कलश मांडला. कुणी, ते कधीच कळलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने विचारूनच घेतला असेल. देवाच्या कामाला पाट नाही म्हणणारा खानदेशात कोण आहे? वर खटक्यालाही झेंडूची माळ घातली, ताजी, पाणी शिंपडलेली. माळेची एक बाजू तांब्याच्या उघड्या पट्ट्यांवर लोंबत होती.

लोटन पूजेसाठी अनवाणी होता. त्याने ओल्या जमिनीवर उभं राहून माळेसकट खटका धरला.

ओरडा ऐकून मी धावले. इंजिन बंद केलेलं होतं आणि लोटन जमिनीवर उताणा पडला होता. तळहात करपलेला, डोळे अर्धे उघडे, छाती हलत नव्हती. हात लावला तर अंग गरम होतं. काय करायचं ते माझ्या बोटांना ठाऊक होतं. मी गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "याला पालथा करा."

तेवढ्यात झुंबरबाई आली. रडली नाही, ओरडली नाही. चार माणसांना म्हणाली, "मांगे खड्डा खंदा. त्याले गळालोंग माटीमा घाला. अंगमजारनी बठ्ठी ईज जमीनमा उतरी जाई."

आमच्याकडे अंगावर वीज पडलेल्या माणसाला असंच गळ्यापर्यंत पुरत आले आहेत, म्हणजे अंगातली सगळी वीज मातीत उतरते. माणसं फावडी घेऊन निघालीसुद्धा. मी तिचा हात धरला. म्हणाले, "अक्का, माती नको. मला त्याचा श्वास चालू करू द्या."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बाई, पान तुमले कोनी शिकाडं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. वनाही होता, उजव्या हातावर डाग नसलेला वना. तो म्हणाला, "डाक्टर बी अक्कानं ऐकतस, बाई."

आणि मी बाजूला झाले. त्यांनी मला ढकललं नाही, मीच उठले. मला वाटलं, हिचं पानाचं खरं ठरलं, तर हेही खरं असेल. मी कोण, लोडावर शिकलेली बाई! त्यांनी लोटनला गळ्यापर्यंत पुरलं, माती पायांनी दाबून घट्ट केली, आणि मी त्याच्या कपाळावर ओला रुमाल ठेवून बसले.

दुपारच्या गाडीने डॉक्टर आले. लोटनला बाहेर काढलं तेव्हा करायला काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दसरा होता. आमच्या गल्लीत कुणी सोनं वाटलं नाही.

लोटन गेला त्या संध्याकाळी डॉक्टर मला म्हणाले, "छातीभोवती माती आवळलेली होती, कुंदाबाई. श्वास परत आला असता तरी घ्यायला जागा नव्हती." ते ओरडले नाहीत. त्यांनी ओरडायला हवं होतं. तिसऱ्या वहीत त्यांनी लोटनचं नाव लिहिलं आणि 'वाचला असता का?' या रकान्यात लिहिलं, 'कदाचित'. मग वही मिटून म्हणाले, "झुंबरबाईला हे कधी सांगू नका. आईला हे सांगायचं नसतं."

तेरावं झाल्यावर ती आली. काखेत पानं होती, नेहमीसारखी. डॉक्टर आत रोगी तपासत होते. ती ओसरीवर बसली, चहा घेतला नाही. खाली बघत म्हणाली, "बाई, एक सांग. मी त्याले माटीमा घाला नसता, तर तो वाचता का?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! ओठांवर आलंही होतं. पण मला दिसलं, की मी नाही म्हटलं तर ही बाई पानं घेऊन घरी जाईल, आणि उद्या कुणाच्या तरी मुलाला वीज लागली की लोक हिलाच बोलवायला येतील. ती खड्डा खणायलाच सांगेल. माझ्या एका गोड शब्दावर.

मी म्हणाले, "अक्का, कदाचित वाचला असता." आणि पुढचंही बोलले, कारण अर्धं बोलून मला जगता आलं नसतं. "मला माहीत होतं. मला येत होतं. तुमच्या एका शब्दावर मी उठले. तुम्हाला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं."

ती उठली. पानं ओसरीवर ठेवून निघून गेली. डॉक्टर दारात उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. मीही स्वतःशी बोलत नव्हते.

दोन महिने झुंबरबाईची पानं आली नाहीत. जिनातली दुसरी माणसं पानं आणायची, पण फाटकी, जून. हीरालालशेठनी खटक्याला लाकडी पेटी केली आणि पाट दवाखान्यात पाठवून दिला, जिनात तो कुणालाच डोळ्यांसमोर नको होता; पुढे तो मी घरी आणला. पौष महिन्यात एका सकाळी झुंबरबाई आली. वाळून अर्धी झाली होती. लोडाकडे बोट दाखवून म्हणाली, "माले दखाड. कसं दाबतस ते."

मी दाखवलं. तिने आठ दिवस तालीम केली, माझ्याहून चांगली. मग म्हणाली, "आते बजारमा चाल."

चोपड्याचा आठवडे बाजार. मिरच्यांच्या ढिगाऱ्यांच्या आणि केळीच्या गाड्यांच्या मधल्या जागेत तिने गोणपाट अंथरलं. लोक जमले, कारण झुंबरबाईला तिकडे सगळे ओळखत. कुणाचं बाळ तिने सोडवलेलं, कुणाचं भाजलेलं तिने बरं केलेलं. ती उभी राहून मोठ्याने म्हणाली, "मना लोटनले ईज लागनी. मी त्याले माटीमा घाला. मी चुकनू. तुम्ही चुकू नका. हाई बाई दखाडस, दखी ल्या."

आणि ती साठीची बाई भर बाजारात पालथी झोपली. दोन-तीन तरुण हसले. कुणी म्हातारा म्हणाला, बाईमाणसाने असं पडावं का? तिने मान एका बाजूला वळवली, गाल गोणपाटाला लागला, डोळे मिटले. मी तिच्या बाजूला गुडघ्यावर बसले आणि तिच्या बरगड्यांवर हात ठेवले. हाडं हाताला लागत होती. मला तिला दुखवायचं नव्हतं. मी हळूच दाबलं, सोडलं. हळूच दाबलं.

डोळे न उघडता ती म्हणाली, "जोरमा दाब, बाई. इतलं हळू दाबीसन मना लोटन उठता का?"

मी पदराने डोळे पुसले, हात पुन्हा ठेवले आणि सगळा जोर लावला.