डाव्या कोपऱ्यातलं बटण

बटण कुठे ठेवायचं हे मी आधी मनानं ठरवतो आणि मग त्याला शोभेल असं तर्कशास्त्र शोधतो. आधी निकाल, मग पुरावा. पण आकृत्या इतक्या सुबक काढतो, की घानामधल्या कुमासी शहरातल्या आमच्या छोट्या कंपनीत मला विचारवंत समजतात.

आंटी फ्रेमा अंत्यविधींची व्यवस्था बघतात. त्यांना ॲप हवं होतं: मृताचा फोटो, विधीची तारीख, खाली 'सांत्वन पाठवा' हे बटण. काम मिळालं तर मी मुख्य डिझायनर. हुकलं तर परत बॅनर करायला. "बोआडी, फार बोलू नकोस," आंटींच्या दारातच आमच्या मालकीणबाई एफुआ म्हणाल्या. माझ्या बगलेत आकृत्या आणि तर्कांची चाळीस पानं होती.

ॲपचा नमुना उघडलेला फोन आंटींनी उजव्या हातात धरला. बटण डाव्या कोपऱ्यात, अंगठा पोचेना. त्यांनी डावा हात उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"मेलेल्याच्या घरी डाव्या हातानं सांत्वन देऊ? बटण इकडे का रे बाबा?"

"वाचन डावीकडून सुरू होतं, आंटी."

"दाबायचं तर वाचून झाल्यावर ना? मग सुरुवातीला का?"

"नजर तिथे आधी जाते."

"फोटो सोडून? का?"

पाच वेळा 'का' विचारून मुळाशी जायची पद्धत माझ्याच बाराव्या पानावर होती. आंटी पान न उघडताच ती माझ्यावर चालवत होत्या.

"चाचणीत तेच सोयीचं ठरलं."

"कुणाला?"

"मला."

"तुलाच का?"

एफुआबाईंनी डोळे मिटले.

"मी डावखुरा आहे," मी म्हणालो. शाळेत या हातानं पट्ट्या खाल्ल्या, तेव्हापासून चारचौघांत तो खिशातच असतो. आत्ताही होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एवढंच? मग इतका कागद कशाला नासलास?" आंटी हसल्या. "काढ तो हात बाहेर, त्यानं काय चोरी केलीय? पण माझ्या गिऱ्हाइकांना बटण उजवीकडे दे."

मी ते तिथल्या तिथे हलवलं. काम मिळालं.

"आता उजवीकडेच का, याची चार पानं जोड," एफुआबाई बाहेर पडताना म्हणाल्या.

ऑफिसात बसून मी एकच ओळ लिहिली: आंटी म्हणाल्या म्हणून. डाव्या हातानं, सगळ्यांसमोर.