चौथा नियम

माझी मुलगी वैष्णवी व्यावसायिक फुटबॉल खेळते. फॉरवर्ड आहे. हे लोकांना दोनदा सांगावं लागतं, कारण पहिल्यांदा सांगितलं की ते विचारतात, "ते ठीक, पण नोकरी काय करते?" तिची नोकरी हीच. आठ हंगामांत गोवा, ओडिशा, केरळ, गुजरात असे क्लब फिरून झाले. करार बहुतेक एका हंगामाचा. गोल झाले तर पुढचा फोन येतो, नाही झाले तर येत नाही. राष्ट्रीय शिबिराला दोनदा गेली आणि दोनदा बॅग घेऊन परत आली. पेपरात फोटो एकदाच आला, त्यातही खाली नाव भलतीचंच.

गेल्या वर्षी तिच्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, आठ महिने व्यायाम झाला, डॉक्टरांनी खेळायला परवानगीही दिली. पण एकाही क्लबने विचारलं नाही. डिसेंबरात गुजरातमधल्या एका क्लबच्या प्रशिक्षक ज्ञानेश्वरी मॅडम यांचा फोन आला. बाई मूळच्या पुण्याच्या, बोलणं तोडून. "सरावाचे तुकडे पाठवू नकोस. एका पूर्ण सामन्याचा व्हिडिओ हवा, महिनाअखेरपर्यंत. गुडघा वळतो की नाही ते मला बघू दे." वैष्णवीला अठ्ठावीस पूर्ण झाली होती. हा हंगाम हुकला तर पुढच्या वर्षी कोणी विचारणार नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

महिनाअखेरपर्यंत आमच्या भागात एकच स्पर्धा होती, ती आमच्या एडवणची. शाळेमागच्या मैदानावर किनाऱ्यावरची आठ-दहा गावं खेळायला येतात. बायकांचेही सामने असतात, अकरा-अकरा जणींचे. मला वाटलं, घरचंच कार्य आहे. माझी बायको दमयंती हिने तर सामन्याच्या दिवशी जेवायला किती माणसं होतील तेही ठरवून टाकलं.

मग चौथा नियम आडवा आला.

हा नियम मीच लिहिलेला. बारा वर्षांपूर्वी मी समितीचा सचिव होतो. तेव्हा काही गावं बोईसरच्या कारखान्यांतली तयार पोरं भाड्याने आणून खेळवायची. मी पंचायत समितीत कारकुनी केलेला माणूस, मला असले प्रकार खपत नाहीत. मी कागद घेतला आणि लिहिलं : ज्या गावच्या रेशनकार्डावर नाव असेल, त्याच गावाकडून खेळता येईल. सबब चालणार नाही. 'सबब चालणार नाही' या शब्दांचं मला फार कौतुक होतं.

आणि वैष्णवीचं नाव आमच्या कार्डावर नव्हतं. दीड वर्षापूर्वी तिचं लग्न झालं. लग्नाच्या पंधराव्या दिवशी मी स्वतः पालघरला जाऊन तिचं नाव कमी करून आणलं. लोकांची कामं वर्षानुवर्षं लोंबकळतात, माझी नाही, असं चार जणांना ऐकवलंसुद्धा. जावई सुजित बोईसरला कारखान्यात आहे. पण त्यांचं कार्ड अजून साताऱ्याकडच्या गावात. तिकडे जाऊन नाव चढवायला कोणाला सवड झाली नाही. म्हणजे माझी मुलगी कुठल्याच गावची नव्हती, आणि याला मी सोडून दुसरं कोणी जबाबदार नव्हतं.

आताचा सचिव धीरज. माझ्या हाताखाली तयार झालेला. त्याने नियमाचा कागद माझ्याच पुढ्यात ठेवला.

"काका, अक्षर तुमचाच हाय."

"मला दिसतंय," मी म्हणालो. "सवलत काय देता येईल ते सांग."

"सवलत तुमीच ठेवली नाय. नियम बदलायचा तर गावाच्या संघाचा अर्ज लागेल, आणि तो बाकीच्या गावांनी मान्य कराला लागेल. बायकांच्या संघाचा अर्ज म्हणजे कमळीची सही." एवढं बोलून तो दुसरीकडे बघायला लागला. त्याला सगळं माहीत होतं.

कमळी आमच्या आळीतली. वैष्णवीपेक्षा आठ वर्षांनी मोठी. वैष्णवीच्या पायाला पहिला चेंडू लागला तो तिचा. किनाऱ्यावर मुलग्यांत एकटी कमळी खेळायची, आणि ही तिच्या मागे शेपटासारखी. पुढे कमळीचं लग्न पाम गावात झालं. नवरा मारायचा. तीन वर्षांनी ती परत आली ती कायमची. पण तिचं नाव तिकडच्या कार्डावर राहिलं, तो कमी करून देईना. नऊ वर्षांपूर्वी आम्ही बायकांचे सामने सुरू केले, तेव्हा ती माझ्याकडे आली होती. म्हणाली, काका, मना खेळू द्या. मी तिला नियम वाचून दाखवला. पामकडून खेळ म्हणालो. जिथून ती जीव वाचवून आली, तिथून खेळ म्हणालो.

त्याच स्पर्धेला गोव्याच्या क्लबचा माणूस मुली बघायला आला होता. कमळी नसल्यामुळे फॉरवर्डला वैष्णवीला घातलं. तिने तीन गोल केले आणि पुढच्या महिन्यात ती गोव्याला गेली. माझ्या मनात तेव्हा पाप नव्हतं. निदान मी स्वतःला तसं सांगत आलो. पण कमळीला नाही म्हणताना आपली मुलगी कुठे खेळणार हे मला माहीत होतं, एवढं खरं.

कमळी नंतर भांडली नाही. शाळेत खिचडी शिजवायची नोकरी धरली आणि संध्याकाळी गावच्या मुलींना शिकवायला लागली. शिकवणाऱ्याला रेशनकार्ड लागत नव्हतं. ते लिहायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

मी अर्ज लिहून शाळेत गेलो. ती मागच्या नळावर खिचडीचं भलंमोठं पातेलं घासत होती. तिने हात पुसले, अर्ज पूर्ण वाचला आणि परत दिला.

"हा एकल्या वैष्णवीचा हाय."

"हो. तिचं तातडीचं आहे. तुला तर माहीत आहे..."

"मना सगला माहीत हाय, काका. ती रोज मैदानात येते, तिचा गुडगा मीच बघते. सही मी देते. पन एकलीच्या नावावर नाय. गावातल्या सगल्या लेकींचा लिहा. दिलेली असो, परत आलेली असो, माहेराकडून खेळाला मिलाला पायजे. लिहा आता. पेन हाय ना खिशाला?"

पेन होतं. माझ्या खिशाला नेहमी असतं. मी तिथेच पायरीवर बसून दुसरा अर्ज लिहिला. तिने ओल्या बोटांनी सही केली, तेवढी शाई फुटली.

बाकीच्या गावांचं मला भय होतं. पण झालं उलटंच. प्रत्येक गावाची एखादी तरी चांगली खेळणारी मुलगी लग्न होऊन गेलेली होती. बैठकीत सगळ्याच गावांनी हात वर केले. नऊ वर्षांत हे दुसऱ्या कोणी का मागितलं नाही, असं मी धीरजला विचारलं. तो म्हणाला, "तुमाला कोन विचारनार?"

सामना शनिवारी दुपारी होता, समोर पामचा संघ. सुजित रात्रपाळी करून तसाच आला आणि मोबाइल घेऊन शाळेच्या गच्चीवर चढला. संघ मैदानात उतरला तेव्हा सात नंबरच्या शर्टात कमळी होती. छत्तीस वर्षांची, अंगाने भरलेली, केस करकचून बांधलेले. पामच्या बाजूचे दोघे-तिघे हसले. मीही मनातून चरकलो, कारण मला माझ्या मुलीचा व्हिडिओ हवा होता आणि ही बाई त्यात धापा टाकणार होती.

पहिली वीस मिनिटं वैष्णवी घाबरून खेळली. चेंडू आला की डाव्या पायावर भार न घेता बाजूला द्यायची. बघणाऱ्याला कळत होतं, म्हणजे मॅडमना नक्की कळलं असतं. मी दमयंतीला म्हणालो, "गेलं हे." ती म्हणाली, "तुमी जरा गप बसा."

तेवढ्यात मधून कमळी ओरडली, "गुडगा घरी ठेवून आलीस काय गो?" आणि तिने चेंडू दिला तो असा, की डाव्या पायावर गर्रकन वळल्याशिवाय तो मिळणारच नव्हता. वैष्णवी चुकली. कमळीने दुसऱ्यांदा तिथेच दिला. पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा पण तिथेच. लोक ओरडायला लागले, अगं दुसरीकडे दे! कमळी ऐकेना. चौथ्यांदा वैष्णवी वळली, एकीला चकवलं आणि चेंडू गोलकीपरच्या हाताखालून आत गेला. मी उभाच राहिलो. डोळ्यांत पाणी आलं ते पुसलंही नाही.

कमळी फारशी धावलीच नाही. तिला धावायची गरज नव्हती. चेंडू कुठे येणार हे तिला आधीच ठाऊक असायचं, आणि तिच्या पायाला लागला की तो जागच्या जागी गप्प बसायचा. वैष्णवीने आणखी एक गोल केला, तोही तिच्याच चेंडूवर. आठ हंगामांचे सामने मी मोबाइलवर पाहिलेत. इतका चांगला चेंडू माझ्या मुलीला कुठल्याही क्लबात कोणी दिला नव्हता.

गुरुवारी सकाळी मॅडमचा फोन आला. वैष्णवीने स्पीकरवर टाकला.

"करार पाठवते. एक हंगाम. गुडघ्याची शंका होती, ती गेली."

दमयंतीने देवाकडे बघून हात जोडले. वैष्णवी काही बोलणार, तोच मॅडम म्हणाल्या, "आणि ती मधली कोण? सात नंबर. मी व्हिडिओ दोनदा बघितला, दुसऱ्यांदा तिच्यासाठी. कुठल्या क्लबला होती?"

"आमच्या गावची कमळाताई. कुठल्याच नाही."

"असं कसं? का?"

वैष्णवीने माझ्याकडे बघितलं नाही, मुद्दाम. मी फोनजवळ तोंड नेलं आणि म्हणालो, "माझ्यामुळे. मी वैष्णवीचा बाप बोलतोय."

मॅडमना काय समजलं कोण जाणे. त्यांनी वय विचारलं. मी छत्तीस सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग उशीर झाला. दहा वर्षांपूर्वी दिसली असती तर मी आधी तिला घेतलं असतं, मग वैष्णवीला."

मी चपला घातल्या आणि शाळेत गेलो. कमळी तांदूळ निवडत होती. वैष्णवीला घेतलं म्हणालो तेव्हा ती खूश झाली, मनापासून. मग मी दुसरी गोष्ट सांगितली. शब्द बदलला नाही, 'आधी' आणि 'मग' हेही तसंच ठेवलं. तिचे हात थांबले.

"परत सांगा."

मी परत सांगितलं. कमळी, माझं चुकलं, असंही म्हणालो. ते तिने ऐकल्यासारखं केलं नाही. सूप खाली ठेवलं आणि उठली.

"चला, आयेला सांगा. नवरा सोडून आली नि चेंडूपाठी लागली, म्हनून नऊ वर्सां माजी आय माज्याशी बोलत नाय. मी सांगून तिला पटनार नाय. तुमी सांगा."

तिची आई ओट्यावर बसली होती. म्हातारीला ऐकायला कमी येतं. मी एकदा सांगितलं, तिने कानाला हात लावला. शेजारच्या दोन दारांतून बायका बाहेर आल्या. कमळी माझ्या मागे उभी होती. मी घसा साफ केला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, पहिल्यापासून, माझ्या नियमापासून, सांगायला सुरुवात केली.